कोथरूड ते हिंजवडी, लिटरला १२: पेट्रोल जातं कुठं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२१ ची १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, ४८ हजार किलोमीटर झालेली. रोज कोथरूड ते हिंजवडी आणि परत, एका बाजूला १७ किलोमीटर, सकाळी साधारण एक तास. कंपनीचा आकडा २३ च्या पुढचा, सुरुवातीला पडायचं १४, आता पडतंय १२. सर्व्हिस सेंटर म्हणतं, गाडी ठीक आहे. वडील म्हणतात, उताराला न्यूट्रल टाकत जा. एका दुकानदारानं पेट्रोलच्या पाइपवर बसवायचं लोहचुंबक सुचवलंय आणि मित्र म्हणतोय, सीएनजी किट बसवून टाक. दोष गाडीत आहे की चालवण्यात?

माझं पुण्यातच गॅरेज आहे आणि कार्ब्युरेटरच्या काळापासून मी हेच काम करतोय. ही तक्रार पेट्रोलचा भाव वाढला की जास्त येते, एवढाच काय तो फरक. तुमच्या रस्त्यावर, त्या वेळेला, एसी लावून १२ म्हणजे काही आक्रीत नाही. १४, जमलं तर साडेचौदापर्यंत नेता येईल. २३ मात्र डोक्यातून काढून टाका.

तो आकडा खोटा नाही. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करून, ठरवून दिलेल्या चक्रानुसार साधारण २० मिनिटं चालवली जाते. कमाल वेग ताशी ९०, सरासरी तिशीच्या आसपास, एसी बंद, आणि वेग वाढवायचा तोही अगदी सावकाश. त्यात मध्येच रिक्षा आडवी येत नाही. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम, महिन्याचं पेट्रोल काढायला निरुपयोगी.

आधी एक विचारतो. १४ चं १२ झालं, हे कशावरून ठरवलं? डॅशबोर्डवरच्या आकड्यावरून असेल तर थांबा. बऱ्याच गाड्यांत तो खऱ्यापेक्षा थोडा गोड असतो. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर पुन्हा तसंच भरा. मधले किलोमीटर भागिले भरलेलं पेट्रोल. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी धरा आणि मध्ये कोकणात जाऊन आला असाल तर ती टाकी सोडून द्या. पंपावरचा पोरगा ‘राउंड फिगर करू का’ म्हणत नोझल दाबत बसतो, त्याला नाही म्हणायचं. हिशेब तर बिघडतोच, शिवाय टाकीची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल गेलं की तो खर्च वेगळा.

आता तुमच्या सकाळच्या एका फेरीचा हिशेब मांडू. अंदाजाचाच आहे, पण त्यातून मुद्दा स्वच्छ दिसतो. १७ किलोमीटरला १२ च्या ॲव्हरेजनं साधारण १,४२० मिली पेट्रोल लागलं. तुमच्यासारख्या गाडीला न थांबता ४५-५० च्या वेगानं वरच्या गिअरमध्ये जाऊ दिलं, तर लिटरला २५ च्या आसपास मिळतं. म्हणजे नुसतं अंतर कापायला ६८० मिली पुरे. मग उरलेलं कुठं गेलं?

एका तासातली २५ मिनिटं तरी तुमची गाडी उभी असते. वाकडचा पूल, भूमकर चौक, हिंजवडीचा शिवाजी चौक, कुठं किती ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. एसी लावून उभी असलेली गाडी तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल पिते. २५ मिनिटांचे झाले ३७५ मिली. म्हणजे पाव हिस्सा पेट्रोल एक फूटही पुढं न सरकता गेलं.

राहिले साडेतीनशे. ते ब्रेकमध्ये गेले. दोन माणसं बसून गाडीचं वजन साधारण एक टन होतं. एक टन वजन ताशी ३० च्या वेगाला न्यायला सुमारे साडेपाच मिली पेट्रोल लागतं, चहाचा चमचाभर. ६० ला न्यायला दुप्पट नाही, चौपट लागतं. ब्रेक दाबला की तो वेग पॅड आणि डिस्क तापवण्यात संपतो, परत मिळत नाही. तिशीवरून तीसेक वेळा थांबलात आणि बायपासवर साठीवरून सात-आठ वेळा करकचून दाबलात, की झाले साडेतीनशे मिली. बेरीज करून बघा, १,४०० च्या घरात येते. स्ट्राँग हायब्रिड गाड्या शहरात एवढं ॲव्हरेज का देतात, त्याचंही निम्मं उत्तर हेच: ब्रेकमधली ही शक्ती त्या बॅटरीत परत घेतात, आणि उभ्या असताना इंजिन बंद ठेवतात.

म्हणून ॲव्हरेजची तक्रार घेऊन गाडी आली की मी बॉनेट नंतर उघडतो, आधी पुढचं चाक काढतो. नव्या ब्रेक पॅडला साधारण १० मिलिमीटर जाडी असते. एकाच मॉडेलच्या, एकाच भागात फिरणाऱ्या दोन गाड्या घ्या. एकीचे पॅड २०-२५ हजारांत पत्र्याला लागतात, दुसरीचे ५० हजार उलटले तरी निम्मे शिल्लक असतात. पहिलीच्या रिमवर बोट फिरवलं तर काळी भुकटी येते, पॅडची. ती दिसली की बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचं ॲव्हरेज मी न विचारताच सांगतो. तुमचे पॅड किती हजारांवर बदलले, ते सर्व्हिसच्या बिलात शोधा. ३० हजारांच्या आत बदलले असतील, तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या बिलात आहे.

बाणेर रस्त्यावर एका गिऱ्हाइकाशेजारी बसून गेलो होतो. पुढचा सिग्नल लाल झालेला चांगला दोनशे मीटरवरून दिसत होता. यांनी दुसऱ्यात रेस दिली, तिसरा टाकला, पन्नासपर्यंत नेली आणि सिग्नलवर येऊन दचकन थांबवली. शेजारच्या लेनमधली पीएमपीची बस रमतगमत आली आणि आमच्या बरोबरीनं उभी राहिली. त्यांना विचारलं, मधल्या दोनशे मीटरमध्ये काय कमावलं? ‘सवय आहे हो,’ म्हणाले. सवयच असते. उपायही सवयीचाच आहे: नजर पुढच्या गाडीच्या डिकीवर न ठेवता तिच्या पुढच्या तीन-चार गाड्यांवर ठेवायची. त्यांचे ब्रेक लाइट लागले की आपला पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा, ब्रेकवर लगेच ठेवायचा नाही. पुढच्या गाडीशी थोडं जास्त अंतर ठेवायचं. त्या अंतरात कोणी दुचाकी घुसवतो, अगदी मान्य, पुण्यात घुसवणारच. घुसू द्या. तो पुढं निघून जातो आणि अंतर परत तयार होतं. गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगत राहिली, तर ‘थांब-पळ-थांब’पेक्षा केव्हाही परवडते. गतिरोधकाचंही तसंच. तो कुठं आहे हे रोजच्या रस्त्यावर पाठ असतं, तरी निम्मे लोक त्याच्या दहा फूट अलीकडंपर्यंत रेस देत असतात.

सावकाश उचलायची म्हणजे मुंगीच्या पावलानं उचलायची असंही नाही. मधला पाय द्या, दोन हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास गिअर बदलत वर जा. ४५-५० ला ही गाडी सपाट रस्त्यावर चौथ्यात आरामात चालते. मात्र इंजिन धडधडायला लागलं, गाडी हुंदके द्यायला लागली, तरी वरचाच गिअर रेटू नका. तिथं एक गिअर उतरवण्यातच शहाणपण आहे.

वडिलांच्या न्यूट्रलबद्दल. त्यांनी कार्ब्युरेटरच्या गाड्या चालवल्या असतील. त्या गाडीत पाय काढला तरी इंजिन फिरतंय तोवर पेट्रोल ओढलं जायचंच, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात तेव्हा तथ्य होतं. तुमच्या गाडीत मोजून पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आहेत. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल शून्य लागतं. आरपीएम बाराशे-पंधराशेच्या आसपास उतरले की पुरवठा परत सुरू होतो. न्यूट्रल टाकलात तर इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरत राहावं लागतं, म्हणजे पेट्रोल चालू. अगदी हलक्या, लांब उतारावर कधीकधी हिशेब न्यूट्रलच्या बाजूनं जातो, हे मी नाकारत नाही. पण दोन चमचे पेट्रोलासाठी गाडीवरचा ताबा सोडायचा नाही. खंडाळ्याच्या घाटात तर नाहीच नाही. इंजिनाचा लगाम नसला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापले की लागत नाहीत. इंजिनच बंद केलं तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड. ज्या गिअरनं घाट चढाल त्याच गिअरनं उतरा.

सिग्नलवर इंजिन बंद करायचं का? पुन्हा चालू करायला जेवढं पेट्रोल लागतं तेवढं दहाएक सेकंद उभ्या उभ्याच जळतं. स्टार्टर-बॅटरीचा विचार करून मी म्हणतो, अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचंय हे नक्की माहीत असेल, आकडे मोजणारा सिग्नल समोर असेल, तर करा. दर पाच सेकंदांनी फूटभर सरकणाऱ्या रांगेत करू नका. तुमच्या गाडीत आपोआप बंद-चालू होण्याची सोय असेल आणि पूर्वी चालायची ती आता चालत नसेल, तर बॅटरी बघा. या गाड्यांना वेगळ्या प्रकारची, जरा महाग बॅटरी लागते. बाहेर बदलताना साधी टाकलेली असते आणि कोणी सांगितलेलं नसतं.

एक उपाय कोणाला आवडत नाही, तरी सांगतो. घरातून तासभर आधी निघा. सव्वाआठऐवजी सव्वासातला निघून उभं राहणं २५ मिनिटांवरून दहावर आलं, तर वरच्याच हिशेबानं सव्वादोनशे मिली वाचतात आणि १२ चे थेट १४ होतात. पाय, टायर, फिल्टर कशालाही हात न लावता. ऑफिसला ते चालत असेल तर बाकी सगळं यानंतर.

आता गाडीकडं वळू, कारण १४ चं १२ झालंय त्यात गाडीचाही वाटा असू शकतो.

४८ हजारांवर तुम्ही टायर नुकतेच बदललेत का? शोरूममधून येणारे टायर बहुधा कमी घर्षणाचे निवडलेले असतात. नंतर आपण बदलतो तेव्हा दुकानदार ‘ग्रिप चांगली’ म्हणून रुंद टायर देतो. शिवाय नव्या टायरची नक्षी खोल असते, ती झिजलेल्या टायरपेक्षा जड चालते. ॲव्हरेज अर्धा-पाऊण किलोमीटर उतरतं आणि माणूस इंजिनात दोष शोधत बसतो. टायरचा व्यास मूळच्यापेक्षा मोठा असेल तर किलोमीटरचं मीटरही कमी मोजतं, म्हणजे कागदावरचं ॲव्हरेज आणखी खाली. जुन्याच मापाचे असतील तर फक्त हवा बघा. ड्रायव्हरच्या दाराजवळ खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच, गाडी थंड असताना. पंक्चरवाल्याच्या दोरीला टांगलेल्या गेजचा भरवसा धरू नका. काहीशे रुपयांचं डिजिटल गेज घ्या आणि डिकीत टाका. काही जण ॲव्हरेजसाठी चाळीसपर्यंत हवा मारतात. पावसात ब्रेक मारताना ती हवा महागात पडते आणि टायर मधोमध झिजतो ते वेगळंच. नायट्रोजनबद्दल विचारणार असाल तर, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

दुसरं, ब्रेक चिकटतोय का. चार पावसाळे बघितलेल्या गाडीत हे मला सगळ्यांत जास्त सापडतं. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांचं ग्रीस वाळतं, पिन जाम होते आणि पॅड डिस्कला घासत राहतं. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत जाऊन या. थांबल्यावर चारही रिमांजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथं घासतंय. गॅरेजमध्ये जॅकवर उचलून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून चाक हातानं फिरवायचं. पुढच्या चाकाला किंचित सर्र आवाज चालतो, पण हाताला जोर लागता कामा नये. मागचं जड फिरत असेल तर हँडब्रेकची केबल कोणीतरी जास्त ताणून ठेवलेली असते. पिना साफ करून ग्रीस लावायला तासभर लागतो, खर्च किरकोळ.

तिसरं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप. गाडी कधी गरम झाली म्हणून कुठं दाखवली होती का? अजूनही काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, ‘आता गरम होणार नाही’ म्हणतात. होत नाही खरी, पण मग ती नीट तापतही नाही. इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू जास्त पेट्रोल पाठवत राहतो. डॅशबोर्डवरचा निळा दिवा पूर्वीपेक्षा खूप उशिरा विझत असेल तर हेच. तुमची तर सुरुवातच थंड इंजिनावर, कोथरूड डेपोवरून चांदणी चौकाच्या चढानं होते. तिथं अर्धा क्लच धरून गाडी चढावर तोलायची सवय असेल तर तीही सोडा, हँडब्रेक वापरा. चढावर आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही असं वाटलं, तर क्लच प्लेट घसरतेय.

ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच टाका. ज्या इंजिनाला पातळ ऑइल सांगितलंय त्यात ‘जाड म्हणजे दमदार’ म्हणून २०डब्ल्यू-५० घालणारे अजून आहेत. चाकांचं अलाइनमेंट बघून घ्या, विशेषतः टायर एका कडेनं झिजत असेल तर.

एअर फिल्टर वेळेवर बदला, पण त्यानं ॲव्हरेज वाढेल ही आशा धरू नका. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की पेट्रोलही तेवढंच कमी सोडलं जातं. गाडीचा दम जातो, ॲव्हरेज फारसं हलत नाही. लोहचुंबक, सॉकेटमध्ये खोचून लुकलुकणारी यंत्रं, बाटलीतली औषधं, यांतलं काही घेऊ नका. त्या पैशांचं पेट्रोल भरा.

मग राहिलं खुद्द पेट्रोल. २०२१ मध्ये त्यात इथेनॉल ८ ते १० टक्के असायचं, आता २० टक्के आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणजे दहा टक्के जास्तीच्या इथेनॉलनं ऊर्जा तीन-साडेतीन टक्के घटली. तुमच्या १४ मधला अर्धा किलोमीटर तिथं गेला आणि तो काही परत येणार नाही. केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये ई-२० साठी न बनवलेल्या गाड्यांची घट ३ ते ६ टक्के सांगितली होती. पण २ किलोमीटरचा सगळा दोष इथेनॉलवर टाकता येत नाही, तसं करणारे सध्या बरेच आहेत.

एसीनं शहरात लिटरमागं किलोमीटर-सव्वा किलोमीटर जातो. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी फुल लावण्याआधी काचा उघड्या टाकून दोन मिनिटं चालवा, मग काचा बंद करून आतलीच हवा फिरवा. हिवाळ्यात सकाळी चांदणी चौकापर्यंत तरी त्याची गरज नसते. बायपासवर ८० ऐवजी १०० नं गेलात तर हवेचा अडथळा दीडपटीच्या वर जातो, पण ऑफिसच्या वेळी तिथं १०० जायला मिळतंय कुठं?

सीएनजीचं. तुमचं महिन्याचं धावणं ७५० किलोमीटरच्या आसपास. १२ नं ६२ लिटर लागतात, साडेचौदानं ५२. त्यानंतर सीएनजीतून जी बचत राहील, तिच्यातून बाहेरून बसवलेल्या किटचा खर्च निघायला बरेच महिने जातील. डिकी जाईल, पंपावरच्या रांगेत वेळ जाईल, आरसीवर नोंद करावी लागेल, विमा कंपनीला कळवावं लागेल आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर होत असते तर मीच म्हटलं असतं, बसवा. ७५० ला नको. आधी ब्रेकच्या पिना आणि टायरची हवा बघून घ्या, तीन-चार टाक्या मोजा, आणि तरीही तेराच्या खाली राहिलं तर गाडी जॅकवर घेणाऱ्या कुठल्याही चांगल्या मिस्त्रीला दाखवा.